आपलं रक्त

प्रिय आजोबा,

आज सकाळी मला दुसरी मुलगी झाली. गुलाबी आहे, सगळा वॉर्ड डोक्यावर घेतेय.

माझ्या लग्नात तुम्ही म्हणाला होतात, "नाहिया, सेनेगलच्या माणसाचं रक्त आपल्या बास्क रक्ताला मानवायचं नाही." खरंच मानवत नव्हतं. माझं निगेटिव्ह, मोदूचं पॉझिटिव्ह. अशा वेळी आईचं रक्त पुढच्या बाळाच्या रक्तावर उठतं. पहिलीच्या वेळीच त्यावरचं इंजेक्शन घेतलं, म्हणून ही सुखरूप आली.

घरात शिकलेली मी एकटी, म्हणून सगळ्यांचे दवाखान्याचे कागद मीच वाचते. आजीही निगेटिव्ह होती आणि तुम्ही पॉझिटिव्ह. माझ्या आईच्या पाठची दोन बाळं पिवळी पडून गेली, ती त्यामुळेच. तेव्हा हे इंजेक्शन नव्हतं. गावानं मात्र आजीच्या कुशीला बोल लावला.

खरं ते सांगावंच, असं मी मानते. पण मघाशी तुमचा फोन आला. "पोरगी कुणावर गेलीय?"

मोदू म्हणाला, "रक्त तुमचंच, आजोबा. ओ पॉझिटिव्ह."

"मग? आपलं रक्त कुणाला ऐकतंय होय?" तुम्ही इतके हसलात की मलाही हसू आवरेना.

आजीचा दोष नव्हता, एवढं मी गावभर सांगेन. बाकीचं या पत्रातच राहू दे, आणि हे पत्र माझ्यापाशीच. रविवारी तिला घेऊन येतो.

तुमची,
नाहिया