तोंडापुढचा पुठ्ठा

४ ऑक्टोबर, मंगळवार

आज पुन्हा तेच. दाढीवाला तासभर फळ्याकडे तोंड करून फळ्यालाच शिकवत होता. मागे वर्गभर माणसं बसलीत, कुठून कुठून देश सोडून आलीत, त्याचं त्याला काही सोयरसुतक नाही. चुकून वळलाच तर समोर दाढीमिशांचं रान. त्यातून जी गुरगुर बाहेर येते तीही अर्धीमुर्धी. आणि हा माणूस शिकवतो काय? तर लोकांचे कान तपासायला! कुणाला किती ऐकू येतं ते कसं मोजायचं, कानाचं यंत्र कुणाला द्यायचं, यातला म्हणे मोठा तज्ज्ञ. आपलं बोलणं दुसऱ्या बाकापर्यंत पोचतं का, एवढं एकदा मोजलं असतं तर उपकार झाले असते.

बाकीचे खाली माना घालून भराभरा लिहीत असतात. निम्म्यांना काही कळत नाही, पैजेवर सांगते. मध्येच सगळे खो खो हसले. मीही हसले. विनोद काय होता कुणास ठाऊक. त्याचा, म्हणजे बेताचाच असणार.

इथल्या भाषेच्या परीक्षेत मला सगळ्यांत वरचे गुण होते. लिहिण्यात, वाचण्यात, हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवून ऐकण्यातसुद्धा! तेव्हा खोट माझ्या भाषेत नाही, यांच्या तोंडात आहे.

५ ऑक्टोबर

घरमालकीण सकाळी सकाळी दारात. “तुझा गजर! किती वेळ वाजत होता!” अहो, कुठे वाजला? मी आपली आपण उठले, नेहमीसारखी, खिडकीतून उजेड आल्यावर. परवा किटलीवरून असंच. “शिट्टी, शिट्टी!” करत स्वयंपाकघरात धावत आली. मी किटलीला खेटून उभी होते! वाजली असती तर मला कळलं नसतं?

एकटी राहते बिचारी. भांडायला कुणीतरी हवंच.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

जोड्या लावल्या. या विद्येतली रीतच अशी की खरे पेशंट हाती देईपर्यंत एकमेकांचेच कान तपासायचे. एकाने काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. दुसऱ्याने बाहेर यंत्रावर जाड ते बारीक, एकेका पट्टीचा आवाज लहान लहान करत न्यायचा आणि कुठवर ऐकू आलं त्या खुणा कागदावर मांडायच्या. खुणा जोडल्या की आलेख तयार. परीक्षाही याचीच, याच महिन्यात. दाढीवाला त्याच माणसाचा स्वतः आलेख काढणार आणि दोन्ही शेजारी ठेवणार. जुळले तर पास.

आणि माझ्या गळ्यात कोण पडलं? सावकाशबाई! (नाव मीच ठेवलंय.) गेल्या वर्षी याच परीक्षेत गटांगळी खाल्लेली. या वेळी नापास झाली तर नाव काढून टाकतील, सामान बांधून थेट मायदेशी. तीही माझ्यासारखीच परदेशातून आलेली आहे, म्हणून आम्हाला एकत्र बांधलं असणार. काय ही अक्कल! हेडफोन चढवायला तिला अर्धा तास. “घट्ट होतंय का? केस अडकले का?” अगं, मुंडावळ्या बांधतेयस का?

मी तिचा आलेख चुटकीसरशी काढला. सरळसोट रेघ, उत्तम कान. त्या कानांचा उपयोग काय, ते विचारू नये.

१२ ऑक्टोबर, बुधवार

हसावं की रडावं! आज सावकाशबाईने माझा आलेख काढला. जाड आवाजांकडे रेघ ठीक चालली होती, आणि बारीक आवाजांची बाजू आली तशी जी घसरली ती पार तळाला. म्हणजे पक्ष्यांची किलबिल, घंटी, बारीकसारीक सगळं मला ऐकूच येत नाही! दोन्ही कानांनी!

म्हणाली, “पुन्हा करू या का?” केलं. तंतोतंत तीच रेघ. चूक करायची तर माणसाने निदान वेगवेगळी करावी!

मग चाचरत, “तू एकदा सरांना दाखवलंस तर…” मी म्हटलं, “आधी बटणं कुठली कशाची ते शीक, मग मला पाठव.” मान खाली घालून कागद घडी करत बसली. कडा जुळेनात म्हणून पुन्हा उलगडून. अशीने आयुष्यात काय करायचं?

१३ ऑक्टोबर

घ्या! दोष नुसता तिचा नाही, यंत्रांचाही आहे. सकाळी यंत्र सुरू केल्यावर तपासणाऱ्याने आधी स्वतः हेडफोन लावून सगळे आवाज ऐकायचे असतात, नियमच आहे. आज नीट लक्ष देऊन ऐकलं, तर बारीक आवाज मेलेलेच. दुसरं यंत्र घेतलं, तेही तसंच. तिसरंही! एवढी मोठी संस्था, काचेची दारं, चकचकीत फरशी, आणि यंत्रं भंगारातली.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने एका कानाला हेडफोन लावला, खांदे उडवले. “चालू आहे की.” दुसरं. “हेही चालू आहे.” नुसता पगार खातो.

१४ ऑक्टोबर

सावकाशबाई आता कॅन्टीनमध्येही पाठ सोडत नाही. शेजारची खुर्ची रिकामी असते, तरी टेबलाला वळसा घालून बरोब्बर समोर येऊन बसते. चेहरा उजेडात, आणि एकेक शब्द सुटा करून बोलते, बालवाडीतल्या बाईंसारखी.

एवढं मात्र आहे, या अख्ख्या इमारतीत तिचंच काय ते बोलणं कळतं. बोलायला तिच्याकडे काही नसतं, ही गोष्ट वेगळी.

१६ ऑक्टोबर, रविवार

घरी फोन. आईशी गप्पा. आई म्हणते, “एवढी ओरडून का बोलतेस?” मग तिने बळेच फोन बाबांच्या हातात दिला. नेहमीचं कीर्तन. “हं. हं. बरं.” मी म्हटलं, बाबा, इथे मला बोलायला कुणी नाही हो. तर म्हणतात, “वा, छान! घे, आईशी बोल.”

वा, छान!

मला नवल वाटायला नको खरं तर. प्रवेशाचं कळलं त्या दिवशी बाबा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते, पाठमोरे. मी दारात उभी राहून विचारलं होतं, “बाबा, जाऊ ना मी?” अख्ख्या घरात त्यांच्या एका शब्दासाठी अडले होते मी. माणूस ढिम्म! एक पिकलं पान खुडलं आणि पुढच्या कुंडीकडे सरकले. मी आल्या पावली परत फिरले. पुन्हा विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. आजोबाही असेच होते म्हणे, गल्लीतली पोरं त्यांना घुम्या म्हणायची. आमच्या घराण्यातले पुरुष म्हणजे दगड. आईने जन्मभर भिंतीशी संसार केला.

१९ ऑक्टोबर, बुधवार

आज शब्दांची चाचणी. यात तपासणारा स्वतःच्या तोंडापुढे पुठ्ठा धरून एकेक शब्द बोलतो, समोरच्याने तो परत म्हणायचा. पुठ्ठा कशाला? तर ओठ दिसू नयेत! अरे, माणसं ओठांनीच बोलतात ना? उद्या म्हणाल डोळे बांधून वाचा.

सावकाशबाई पुठ्ठ्याआडून पुटपुटली. निम्मे शब्द माझ्यापर्यंत आलेच नाहीत, जे आले ते शेपूट तुटलेले. मी वैतागले. म्हटलं, “नीट बोल ना!” तिने पुठ्ठा खाली ठेवला. मग तेच शब्द तसेच पुन्हा बोलली. मी एकूण एक बरोबर सांगितले.

“बघ! आता कसं बोललीस!”

तिच्या डोळ्यांत पाणी. सारखी रडायलाच टेकलेली!

२० ऑक्टोबर

दाढीवाल्याच्या खोलीत गेले. आडपडदा ठेवला नाही. सांगितलं, जोडीदार बदलून द्या. तिला यंत्र लावता येत नाही, आलेख काढता येत नाही, शब्द बोलता येत नाहीत. तिने काढलेला माझा आलेखच त्याच्या टेबलावर आपटला. त्याने चष्मा कपाळावर चढवून पाहिला आणि दाढीत काहीतरी म्हणाला. मी “हो” म्हटलं.

बाहेर नोटीस लागली तेव्हा कळलं. जोड्या बदलणार नाहीत, मंगळवारीच परीक्षा, पहिली आमची. आधी ती माझे कान तपासणार, मग तो स्वतः. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!

२१ ऑक्टोबर

सावकाशबाई जिन्यावर बसली होती. मी तक्रार केल्याचं तिला समजलंय. म्हणाली, “मला घरी पाठवतील गं.” मी म्हटलं, मग बरंच की. उद्या खऱ्या माणसांच्या कानांचं वाटोळं करण्यापेक्षा आज गेलेलं बरं. कुणीतरी स्पष्ट सांगायला हवंच होतं.

ती उठून जिना उतरू लागली. वळून काहीतरी बोललीही, पण पाठ अर्धी माझ्याकडे. मी विचारलं नाही.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

आधी सावकाशबाईने तपासलं. मी बटण हातात धरून आरामात बसले होते, हिची फजिती बघायची म्हणून. काचेतून दिसत होती, ओठ घट्ट मिटलेले. मग ती बाहेर गेली आणि दाढीवाला यंत्रापाशी बसला. मध्ये केवढा तरी वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, यालाही जमत नाही वाटतं.

मग तिला आत बोलावून, अख्ख्या वर्गासमोर, दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी. तीच रेघ. तीच घसरण, पार तळाला. खुणेवर खूण.

मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. सगळीच बिघडलीत, मी मेकॅनिकला सांगितलं होतं. सगळ्यांसमोर म्हटलं, चांगलं मोठ्याने.

दाढीवाल्याने हेडफोनची वायर उपटली, आवाज खोलीतल्या स्पीकरवर टाकला आणि एक बटण दाबलं.

सगळ्यांनी कानांवर हात घेतले. एकदम, कुणी हाक दिल्यासारखे. पहिल्या बाकावरचा तोंड वाकडं करून काहीतरी ओरडला, “बस, बस” असं असावं. सावकाशबाईने डोळे गच्च मिटले होते. मी त्या सगळ्यांच्या मधोमध उभी होते, हात खाली सोडून, आणि खोलीत काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नव्हतं! मला आधी वाटलं, हे मिळून माझी चेष्टा करतायत. मग त्यांचे चेहरे पाहिले. चेष्टा करताना माणसं अशी दिसत नाहीत.

दाढीवाल्याने बटण सोडलं. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, दिव्याच्या उजेडात. मिशा हातानेच बाजूला सारल्या वेड्यासारख्या, आणि हळू बोलला. पहिल्यांदा त्याचं वाक्य मला पुरतं कळलं. “हे तुला जन्मापासून नसावं. हळूहळू येत गेलंय, म्हणून कळलं नाही. घरात आणखी कुणाला आहे असं?”

“नाही. कुणालाही नाही,” मी ताठ मानेने सांगितलं. बाहेर येऊन पहिल्या पायरीवरच बसले.

सावकाशबाई पास झाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या, त्या मला ऐकू आल्या. माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता सुनावेल. मी तेच केलं असतं. ती समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “मला वाटायला लागलं होतं की माझंच चुकतंय. तू इतकं ठासून सांगत होतीस.”

तिचं खरं नाव मला विचारावं लागलं. लाज वाटली. अजून वाटतेय.

२६ ऑक्टोबर

तासाला गेले नाही. किटली चढवली आणि समोर उभी राहिले. तोंडातून वाफेचा फवारा, झाकण थडथडतंय. घरमालकीण आली, मला बघून दारातच थांबली. मग पुढे होऊन गॅस बंद केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला कुणी सांगितलं असेल? का मीच रडत होते?

दाढीवाल्याचा प्रश्न डोक्यातून जात नाही. कुंड्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

२७ ऑक्टोबर

आईला म्हटलं, आज व्हिडिओ लाव. बाबांना खिडकीपाशी बसव, टीव्ही बंद कर, आणि मध्ये बोलू नकोस. बाबा आले. अवघडून बसले, परीक्षेला बसल्यासारखे. मी दिवा स्वतःच्या तोंडावर घेतला आणि एकेक शब्द सुटा करून बोलले.

“बाबा, तुम्ही पाणी घालत होतात. मी मागून विचारलं होतं, जाऊ ना मी?”

बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, “कधी गं?”