तुमच्या पंपाचा छेद

अण्णा,

आज सकाळी तुमचा पंप बनवणं बंद करायचं ठरलं. ते ठरलं मी दिलेल्या चित्रांवरून, म्हणून ही बातमी मीच द्यायला हवी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. पत्र कुठे टाकायचं नाही हे मला कळतं. पाकीट घेतलेलंच नाही.

आता आत बघायला करवत लागत नाही. पंपाचा आकार कॉम्प्युटरमध्ये भरायचा, त्यातून गणिताचं पाणी सोडायचं आणि हवा तिथे छेद घ्यायचा. माउसने छेद पुढे सरकवला की गोगलगाईसारख्या त्या बाहेरच्या कवचाच्या, केसिंगच्या, पोटातलं पाणी रंगांत दिसतं. प्रेशर जास्त तिथे लाल, त्याखाली पिवळं, हिरवं, सर्वांत कमी तिथे निळं. मग ते चित्र आणि छेदातल्या बिंदूंचे आकडे फाईलमध्ये काढून घ्यायचे. तुम्ही हे पाहिलं असतंत तर समोरचा चहा विसरला असतात.

केडगावचं आपलं स्वयंपाकघर. रविवार आहे, पाटी माझ्या मांडीवर आहे आणि तुम्ही एक वांगं माझ्यापुढे धरलं आहे. "उभं कापलं तर आत काय दिसंल? आधी काढ, मंग काप." आई कढईपाशी वैतागलेली. "अहो, भाजी करायचीय का तिची परीक्षा घ्यायचीय? तेल जळालं इकडं!" मी बियांच्या सुरेख रांगा काढते. तुम्ही विळीवर वांगं उभं चिरता, आणि आत अळीने पोखरलेला काळा बोगदा. "काढा आता अळीचंबी चित्र," आई म्हणते. मी हसते. तुम्ही हसत नाही. "तुला वांगं आवडतं, म्हनून तू ते चांगलं काढलं. छेद असा काढत न्हाईत." मला ते फार लागलं. त्या दिवशी मी भाजी खाल्ली नाही, आणि तुम्ही खा म्हणालाही नाहीत.

तो पंप तुम्ही नगरच्या कारखान्यात ड्रॉइंग बोर्डपाशी उभं राहून काढलात, शेवगावकडच्या आपल्या भावकीच्या विहिरी डोळ्यांपुढे ठेवून. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. पंप राहिला. पुढे मी त्याच कारखान्यात, त्याच खात्यात लागले. तुमचं केसिंग फाउंड्रीतून ओतून येताना दिसलं की वाटायचं, अण्णा अजून कामावर आहेत. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. खात्यात मला कडक म्हणतात.

साहेबांना जुना पंप आणि नवं डिझाइन यांची तुलना हवी होती. मोटर तीच, पाणी तेवढंच. दोघांपैकी एकच ठेवायचा. काल माझ्या हाताखालच्या इंजिनीअर मुलीने दोन्ही छेद शेजारी शेजारी लावले. पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी दोन्हीकडे लालभडक, म्हणजे पाणी वर चढवायचा जोर भरपूर.

"मॅडम, तुमच्या वडिलांचा पंप काही मागे नाही की हो! राहू दे म्हणतील अजून."

मला इतका आनंद झाला, की मी खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले. मग चित्राच्या कडेची रंगांची पट्टी पाहिली. दोन्ही चित्रांनी आपापली पट्टी धरली होती. आपल्यातलं जे सर्वांत जास्त, ते लाल. तुमचा लाल आणि नव्याचा लाल एक नव्हता. आकड्यांची फाईल सोबत जाणार होती, पण मीटिंगमध्ये आकडे कोण वाचतं? सगळे चित्रं बघतात.

"दोघांना एकच पट्टी लाव."

"पण मॅडम, मग जुना..."

"लाव."

नवा लालच राहिला. तुमच्या पंपाच्या तोंडाशी लाल उतरला, पिवळा झाला आणि हिरव्यावर थांबला. ती पडद्याकडे बघेना, माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "एक्सपोर्ट करू फाईलमध्ये?"

"सरक. मी करते."

आज मीटिंगमध्ये चित्रं लावली आणि चहा यायच्या आत निर्णय झाला. कोणी चुकीचं काही बोललं नाही. पंप चांगला चालला, असंच म्हणाले. माणूस गेल्यावर म्हणतात तसं.

सुपूर्द केलं ते असं. दोन्ही पंपांच्या छेदांची चित्रं, एकाच पट्टीवर. बिंदूंच्या आकड्यांची फाईल. तुमच्या केसिंगचा साचा ज्यावरून घेतात तो लाकडी पॅटर्न, दोन्ही अर्धे, मोडीत काढलेल्या सामानाच्या खोलीत. तो मी स्वतः उचलून नेला.

एक कागद दिला नाही. पडद्यावर छेद उघडण्याआधी, तुमच्या सवयीने, मी तुमच्या पंपाचा तो अंदाजाने पेन्सिलने काढून रंगवला होता. तोंडाशी गडद लाल रंगवला आहे. पुन्हा वांगंच काढलं मी, अण्णा.