आईच्या बाटलीत मोगरा

प्रिय दीडशहाणे,

तुझं कार्ड पोचलं. तुझ्या आईच्या अत्तराची जी बाटली मी पाठवली होती, तिच्याबद्दल मला पुन्हा विचारायचं आहे. पण ते शेवटी, आधी बाकीचं उरकतो.

शब्दकोशाच्या कचेरीत बसून दर महिन्याला बापाला वासाचा एक शब्द पाठवायचा, ही तुझी खोड आता सात वर्षांची झाली. सगळी कार्डं मी कामाच्या टेबलासमोर टाचून ठेवली आहेत. गिऱ्हाइकाने विचारलं की सांगतो, ही आमच्या धंद्याची कुंडली. पहिलं कार्ड ‘परफ्यूम’चं होतं, मूळ लॅटिन, अर्थ ‘धुरातून’. तेव्हा मी ऐटीत कळवलं होतं, की धूर काढतात ते आचारी, आम्ही नव्हे. मग अरबीतून आलेलं ‘अत्तर’. तिकडचा अत्तार जडीबुटीही विकायचा हे वाचून तुझी आई पोट धरून हसली, कारण कुणी खोकल्याचं औषध मागितलं की मी त्याला दार दाखवायचो. तिला सगळ्यात आवडला ‘परिमळ’. चोळल्यावर, चुरडल्यावर सुटतो तो, असा जुना अर्थ तू लिहिला होतास. “म्हणजे संसारच की,” एवढं म्हणून ती परत भाजी निवडायला बसली.

इकडे सगळं ठीक. पॅकिंगच्या मावशींचा गुडघा आता जिना चढू देतो. मध्ये माझं दूध करपलं, पातेलं काळंठिक्कर झालं, शेजारचे दार ठोठावत आले तेव्हा मला कळलं. मी शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होतो. दुकानाला रंग दिला. त्यासाठी बाटल्या उतरवल्या, आणि रंगाऱ्यांनी त्या त्यांच्या मनाने परत लावल्या.

माझ्या बाटल्यांना चिठ्ठ्या नसतात हे तुला ठाऊकच आहे. वासावरून ओळखता येत नाही त्याने बाटलीला हात लावू नये, हा तुझ्या आजोबांचा नियम. तू शाळेत असताना एका सुट्टीत बसून सगळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यास, आणि मी त्या भिजवून काढल्या, वर तुला बोललो. चुकलंच माझं तेव्हा.

आईचं अत्तरही कुठे लिहिलेलं नाही. गुलाब, देवदार, नावाला लवंग, बाकी नाकाचा अंदाज. तिच्या वाढदिवसाला एक बाटली करायचो, ती गेल्यापासून ती बाटली तुला पाठवतो. यंदा तू उत्तर दिलंस, “बाबा, झाकण काढलं आणि आईच आली.” ते मी तीनदा वाचलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग गेल्या आठवड्यात मावशींनी त्याच अत्तराची उरलेली कुपी उघडली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “दादा, यात मोगरा आहे. वहिनींचं तर मोगऱ्याने डोकं उठायचं.”

तर पोरी, आता खरं ते लिहितो. थंडीत ताप आला होता ना, त्याने माझं नाक नेलं. आठ महिने झाले, कसला म्हणजे कसला वास येत नाही. कुणाला बोललो नाही, लाज वाटली. गुलाबाच्या जागी हात गेला, तिथे रंगाऱ्यांनी मोगरा ठेवलेला. तुझं नाक माझ्यावर गेलंय, तुला पहिल्याच झटक्यात कळलं असणार. बापाला वाईट वाटू नये म्हणून खोटं लिहिलंस. मी रागावलेलो नाही, मीही तेच करत होतो. पण आपण दोघं असेच एकमेकांना सांभाळत बसलो तर आईचा वास माझ्याबरोबर जाईल, आणि ते मला सोसणार नाही. हाताला प्रमाण अजून येतं. शनिवारी ये, चिठ्ठ्या घेऊन ये, या वेळी मी त्या भिजवणार नाही. तुझ्या या कार्डावर आहे, की जपानीत धूप हुंगत नाहीत, ऐकतात. तू हुंग, आणि जे असेल ते सांग. मी ऐकतो.

तुझाच,
बाबा