उष्टी हळद, व्हर्जन एक

१६ नोव्हेंबर
लग्न ठरलं की लोक पत्रिका छापतात. मी गेम बनवणार. घोडबंदरची नोकरी सोडल्यापासून होणाऱ्या सासऱ्यांना वाटतं, जावई दिवसभर खेळतो. हळदीला दोन्ही मांडवांत स्क्रीन लावायची, आमच्या डोंबिवलीत आणि त्यांच्या कल्याणला. पाहुण्यांनी मोबाइलवर बोट फिरवलं की माझ्या बाहुल्याला हळद लागेल. तीच उष्टी हळद मग होणाऱ्या बायकोच्या, कल्पिताच्या बाहुलीला. सासरे तोंडात बोट घालतील.

२० नोव्हेंबर
बाहुले तयार. आमच्यात लग्नात आधी पितरांना बोलावतात, म्हणून यादीत पहिले आजोबा, कै. गोपीनाथ. गळ्यात फोटोसारखा हार. आजी स्क्रीनला हात जोडून बसलेली. माझा बाहुला ढेरपोट्या वाटतो. कल्पिता म्हणाली, हुबेहूब आहे.

२३ नोव्हेंबर
ढेरपोट्या डिलीट. नवा बनवला, सिक्स पॅकवाला. तेव्हापासून गेम बंद पडतोय. एरर: नल. म्हणजे ज्याला हळद लावायची, तो जागेवर नाही. अरे, समोर छाती काढून उभा आहे! हे गेम बनवायचं इंजिनच भिकार. ते बनवणाऱ्या परदेशी लोकांना हळद काय कळणार.

२६ नोव्हेंबर
कल्पिता एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. म्हणाली, अरे, कोड अजून जुन्या बाहुल्यालाच शोधत असेल, रेफरन्स बदल, नव्याकडे वळव. टेस्टर लोकांना चुका काढायचाच पगार असतो. मनावर घेतलं नाही.

२८ नोव्हेंबर
जमलं! एकच ओळ टाकली: कुठेही नल आला तर यादीतला पहिला बाहुला घे. आता काही बंद पडत नाही. कल्पितानं विचारलं, मग हळद लागतेय कुणाला? निराशावादी स्वभाव. लग्नानंतर सुधारेल. टेस्टिंग उद्या.

३० नोव्हेंबर
टेस्टिंग राहिलं. बॅनर लावत होतो. माझ्या नावाखाली ‘गेम डिझायनर’ लिहून घेतलं.

१ डिसेंबर
फेशियलला गेलेलो. टेस्टिंगची गरज नाही, एरर येतच नाहीये.

२ डिसेंबर, हळद
शेकडो पाहुण्यांनी बोटं फिरवली. स्क्रीनवर नवरदेवाच्या पाटावर आजोबा आले. हारासकट. त्यांना हळद लागली, बँजो वाजला, आणि त्यांची उष्टी हळद कल्याणच्या मांडवात कल्पिताच्या बाहुलीच्या गालाला लागली. तिकडे तिची मावशी चक्कर येऊन पडली म्हणे. आजी मला म्हणाली, मेलेल्या मानसाला तरी सोर रे.

कल्पिताचा फोन आला. चिडलेली नव्हती. म्हणाली, अपशकुनाचं मी घरच्यांना समजावते. फक्त खरं सांग, तू एकदा तरी चालवून बघितलेलंस का?

मी म्हटलं, दहा वेळा. तुमच्याकडचं नेटवर्क खराब आहे.

ती म्हणाली, बरं.

समजूतदार मुलगी आहे.

३ डिसेंबर
वऱ्हाड निघायच्या आत कल्याणहून निरोप आला, येऊ नका. वाटलं अपशकुनामुळे. बाबांनी विचारलं तर कल्पिताचे वडील म्हणाले, आम्ही तयार होतो, पोरगीच नाही म्हणते. तिला खोटारडा नको.

दुपारी मांडव सोडला. आजीनं गरम पाणी काढून दिलं. घासघासून अंघोळ केली, हळद जात नाही. मला रडू यायला लागलं. आजीनं बाहेरून विचारलं, डोल्यान साबन गेला काय रे?

मी म्हटलं, हो.