बोर्डाचा खड्डा

देऊळघाट
११ फेब्रुवारी २०२४

आदरणीय दादास,
अन्नपूर्णाचा सविनय जय भीम.

इकडं आम्ही मजेत आहोत. मनाली बाळंतपणाले तुह्याकडं आली, तिची तब्येत बरी असन. फोन सोडून पत्र काऊन लिहिलं, असं तुले वाटन. फोन मनालीच्या हातात असते, अन् तुले स्पीकर लावल्याशिवाय आयकू येत नाही. गोष्ट तिच्या नवऱ्याची आहे, म्हणून कागदावर.

माह्या हर्षल अन् राखी सूनबाईसाठी घराच्या मागच्या अंगाले जवाईबापूनं खोली बांधून देली. स्लॅब झाला, प्लास्टर झालं. लाईटची फिटिंग आपला हर्षल स्वतः करून राह्यला. त्यानं बुलढाण्याहून भाड्यानं मशीन आणली. ड्रिलच्या तोंडाले चौकोनी डब्यासारखा दातेरी कटर बसवतेत. भिंतीले टेकवलं का बोर्डाच्या बॉक्सएवढाच खड्डा पडते, बाजूचं प्लास्टर हालतही नाही. राखी तर दोन खड्डे पडेपर्यंत पाहतच राह्यली.

जवाईबापू आले, मशीन पाह्यली अन् त्यायचा चेहराच उतरला. मशीननं भिंत हादरते म्हणे, माह्या कामात मशीन चालणार नाही, मी माणूस पाठवतो, तो छन्नी-हातोडीनं करून देईन. मंग खडू घेऊन बोर्ड कुठं लावाचे ते स्वतःच आखून गेले. सगळ्या खुणा भिंतीच्या मधोमध. कोपऱ्याजवळ एकही नाही. दादा, खोलीत राहणार आम्ही, बटनं कुठं पाह्यजेत ते त्यायले काऊन ठरवायचं आहे?

चुकलं असन तर कान धर, पण राग धरू नको.
तुही बहीण,
अन्नपूर्णा

~

जळगाव जामोद
१६ फेब्रुवारी

चि. अन्नपूर्णास दादाचे अनेक आशीर्वाद.

बाई, पत्र वाचले. हसू आले आणि थोडा रागही. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म काढला, रोज शंभर माणसांच्या तक्रारी ऐकल्या. पण कोणी बटनाच्या जागेवरून माणसावर संशय घेतलेला पाहिला नव्हता. जावई प्रेमानंदराव ठेकेदार आहेत. नवीन प्लास्टरला तडा गेला तर नाव कोणाचे जाईल? हर्षल हुशार आहे, पण त्याला नवी मशीन मिळाली की सगळे घर भोके पाडायला कमी पडते, हे तुलाही ठाऊक आहे.

लग्न ठरले तेव्हापासून तुला हे जावई पसंत नव्हते. मुलगा फार गोड बोलतो, असे तू तेव्हा म्हणाली होतीस. तेच मनात धरून बसली आहेस, असे मला वाटते. मनालीचे दिवस भरत आले आहेत. माहेरी भांडण नको.

राखीने पाठवलेल्या कुरड्या संपल्या. मनाली अजून मागते. माया आहे तशी राहू दे.
तुझा,
दादा

~

देऊळघाट
२२ फेब्रुवारी

आदरणीय दादास, जय भीम.

कुरड्या वेगळ्या पाठवते. तू मले खडसावलं, ते मी मुकाट्यानं आयकलं. आता माहं आयक.

हर्षल दोन दिवस साखरखेर्ड्याले लग्नात गेलता. मशीन खोलीत ठेवलेली, कुलूप लावलेलं. वापस आला त मशीन नाही. चोरी झाली म्हणून तो दुकानात सांगाले गेला, त दुकानदार म्हणे मशीन त जमा झाली, तुमचे ठेकेदार स्वतः आणून देऊन गेले, काम संपलं म्हणाले. खोलीची दुसरी चाबी जवाईबापूजवळच आहे, हे तुले सांगाले नको.

मी त्यायले फोन केला. ते म्हणे, मी त त्या दिवशी बुलढाण्यात नव्हतोच, दुकानदार भलत्याच माणसाचं नाव घेऊन राह्यला. इतकं गोड बोलले का मलेच लाज वाटली. पण दादा, काम संपलं नव्हतं हे त्यायले ठाऊक होतं. मंग खोटं कायले बोलाचं? एवढ्याशा मशीनले ठेकेदार माणूस कायले भेते? तू एक डाव विचारून पाह्य. तुह्याशी ते खोटं बोलणार नाहीत.

माह्यावर विश्वास ठेव, एवढंच मागते.
अन्नपूर्णा

~

जळगाव जामोद
२७ फेब्रुवारी

चि. अन्नपूर्णास आशीर्वाद.

विचारले. मनाली शेजारी गेली होती तेव्हा फोन लावला, तर मलाही तेच सांगितले, की ते त्या दिवशी मोताळ्याला साईटवर होते. मी बरे म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी जेवताना मी सहज विषय काढला, तर मनाली म्हणाली की त्या दिवशी त्यांनी तिला बुलढाणा स्टँडवरून व्हिडिओ कॉल केला होता, मागे एसटी उभ्या होत्या. तिने मला असे का विचारता म्हणून विचारले. मी भाजीत मीठ कमी आहे असे काहीतरी बोललो.

बाई, माणूस मशीन परत करतो ही काही मोठी गोष्ट नाही. ती लपवतो, ही आहे. हर्षलला म्हणावे, दुसरी मशीन मिळव आणि काम पुरे कर. त्यांना कळवू नका. मी सांगितले असेही म्हणू नका.

तुझा,
दादा

~

देऊळघाट
३ मार्च

दादा, जय भीम.

हर्षलच्या दोस्ताच्या, धम्मदीपच्या हाती हे देते. तो गाडीवर येते. एकटा असशीन तेव्हाच वाच.

हर्षलनं दुसरी मशीन आणली. राखीले बटन दाराजवळ पाह्यजे होतं, अंधारात चाचपडत आत जावं लागू नये म्हणून. त्यानं खूण थोडी सरकवली अन् मशीन लावली. लावल्यावर त्याच्या ध्यानात आलं का आपण कोपऱ्यातल्या पिलरवर आलो. पिलर सिमेंट-लोखंडाचा, तिथं हा कटर चालतच नाही, दात झिजतेत. पण कटर गुळात सुरी जावी तसा आत गेला. खाली लाल भुकटी पडली. विटेची.

हर्षलनं खड्ड्यात हात घालून पाह्यलं. आत सळई नाही, गिट्टी नाही. नुसत्या विटा रचून वरून प्लास्टर मारलं. दुसरा कोपरा पाह्यला, तोही तसाच. वर एवढा स्लॅब, दादा. पुढच्या आठवड्यात पोरं तिथं झोपाले जाणार होती.

मी खोलीले कुलूप लावलं. कोणालेच काही बोलली नाही. मनालीले काय सांगाचं ते तू ठरव. माहं डोकं चालत नाही.
अन्नपूर्णा

~

जळगाव जामोद
६ मार्च

प्रिय आत्यास,
मनालीचा जय भीम.

बाबांनी काही ठरवलं नाही. धम्मदीपदादा गेल्यावर ते गोठ्यात जाऊन बसले. मी विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. फार रडले गं.

मी यांना बोलावून घेतलं. बाबांच्या समोर नाही, अंगणात, दोघंच. मी एवढंच विचारलं, की त्या खोलीत आपलं बाळ झोपवशील का? ते चपलेनं माती उकरू लागले. मग सांगितलं. पिलर ओतायच्या साच्याच्या लोखंडी पाट्या दुसऱ्या साईटवर हव्या होत्या, तिकडचा मालक मागे लागलेला. मिस्त्री म्हणाला, खोली छोटी आहे, कोपरे विटांनीच उचलू, प्लास्टर झाल्यावर कोण पाहतं. यांनी हो म्हटलं. मिस्त्रीचं नाव पुढे करता आलं असतं, पण हो आपणच म्हटलं, असं तेच म्हणाले. नंतर सांगायचं धाडस झालं नाही. तुमच्याकडे चहा प्यायला बसलं की नजर स्लॅबकडेच जायची, म्हणे.

मी त्यांना माफ केलं असं समजू नकोस. उद्या ते टेकू आणि माणसं घेऊन येतील. पिलर पाडून नव्याने भरायचे. ते उभे राहीपर्यंत मी सासरी जाणार नाही, असं मी त्यांना सांगितलं आहे. तू त्यांना शिव्या दे, हक्क आहे तुझा. पण उपाशी ठेवू नकोस.

तुझीच,
मनाली

~

देऊळघाट
१४ एप्रिल

आदरणीय दादास अन् मनालीस, अन्नपूर्णाचा जयंतीचा जय भीम.

नातीचं नाक माह्यावर गेलं म्हणतेत, त मले फोटो मोठा करून पाठवा. चष्मा लावूनही नीट दिसत नाही.

मनाली, शिव्या मी देल्या नाहीत. देता आल्या असत्या त बरं झालं असतं. जवाईबापू आले, स्लॅबले टेकू लावले, अन् पहिला पिलर त्यायनं स्वतःच्या हातानं फोडला. राखीनं भाकर वाढली, त जेवले, वर पाह्यलं नाही. आता दोन्ही कोपरे भरून झाले. सळई बांधली तेव्हा हर्षल अन् मी दोघंही पाहत होतो.

गावात लोक म्हणतेत झालं गेलं विसरा. माहं मन तसं नाही. नव्या पिलरले पाणी माराले ते रोज सकाळी येतेत, अन् मी रोज तिथं जाऊन बसते. मी काऊन बसते ते त्यायले समजते, मीही लपवत नाही. बोलणं फारसं होत नाही. ऊन आता लय वाढलं आहे. त आल्याबरोबर आधी ते माही खुर्ची कडूलिंबाच्या सावलीत सरकवतेत, पिलर नीट दिसन अशी, अन् मंग कामाले लागतेत.

लेकराले जपा. आमची आठवण ठेवा.
तुमची,
अन्नपूर्णा