पाणबुडीने वाचलेले वेळापत्रक

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी, श्री. श्रीपाद देवपुजारी,
सागरी गणित संशोधन केंद्र (मराठी शिक्षण समिती संचालित),
चौबे कॉलोनी, रायपूर

विषय: शुक्रवारच्या गस्तीचे वेळापत्रक फलकावर न लावण्याबाबत.
संदर्भ: अर्जदारास दिलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

अर्जदार डॉ. ज्ञानदा बक्षी गेम थिअरीच्या आधारे पाणबुडीविरोधी गस्त आखते. खालील परिच्छेदांचे क्रमांक फासा टाकून दिले आहेत; वाचन मात्र वरून खालीच करावे.

४. सभागृहाच्या फरशीवर खडूने सहा पट्ट्यांचा समुद्र आखला आहे. पाणबुडी कोणत्या पट्ट्यातून न्यायची, ते सहकारी उल्का भुसारी आधी चिठ्ठीवर लिहून ठेवते. अर्जदार एका पट्ट्यात गस्तीनौका उभी करते. पट्टा जुळला की पाणबुडी सापडली. नौका कुठे असेल हे शत्रूला कळू नये, एवढेच या साऱ्या गणिताचे सार.

१. सभागृह हवे तर नौकेचे वेळापत्रक तीन प्रतींत द्यावे लागते व ते फलकावर लावावे लागते. पाणबुडी, म्हणजे उल्का, ते चहा पिताना वाचते. हरकत घेतली असता ती म्हणाली, "काहून वाचू नको, दीदी? तुम्हीच तर लावून राहिल्या."

४. पाणबुडीकडूनही वेळापत्रक घ्यावे, अशी विनंती केली होती. ती शत्रुपक्षाची असल्याने तिला केंद्राचे नियम लागू नाहीत, असे आपण कळवले.

६. गेल्या मंगळवारी फलकावर दुसरा पट्टा होता. अर्जदाराने फासा टाकला, पाच पडले, नौका पाचव्या पट्ट्यात नेली आणि पाणबुडी प्रथमच सापडली. उल्का स्वतः म्हणाली, "हव दीदी, पकडलं मले." आपण ही पकड वेळापत्रकाबाहेरची म्हणून रद्द केली, नोटीस दिली आणि पाणबुडीला पुढे जाऊ दिले.

१. शुक्रवारी शेवटची चाचणी आहे. एकही पकड नोंदली गेली नाही, तर प्रकल्प बंद होऊन अर्जदाराची नेमणूक संपते. पाणबुडीचीही संपते, हे फलकावर नसल्याने तिला ठाऊक नाही.

नियम मोडण्याची अर्जदाराची इच्छा नाही. म्हणून शुक्रवारचे वेळापत्रक सोबत जोडले आहे. ते तीन प्रतींत देता येत नाही व त्याला टाचणी लागत नाही. प्रत्येक फेरीआधी आपण स्वतः सभागृहात येऊन ते टाकावे, म्हणजे नौका जिथे उभी राहील तिथे आपल्या मंजुरीनेच उभी राहील.

आपली आज्ञाधारक, पण कोणत्या पट्ट्यात ते आज सांगू न शकणारी,

ज्ञानदा बक्षी
रायपूर, बुधवार

सोबत: वेळापत्रक, मूळ प्रत (फासा, गोल बाजारातून आणलेला).