इन्क्यूबेटरवर माझं लक्ष आहे

३ नोव्हेंबर, स. ९.१०
महिनाअखेर निवृत्ती. असं ऑफिसचं मत. २४ तारखेला समिती येते आहे. प्राणिजन्य काहीही नसलेल्या द्रावणात डुकराचे भ्रूण सात दिवस वाढवून दाखवले की माझी मुदतवाढ पक्की. आजवर आम्ही त्यात वासराच्या रक्ताचं सीरम घालायचो. आता बंद. कारखान्यात बनलेला पॉलिमर घालणार. बोलावं तसं वागावं, म्हणून माझा चहाही बिनदुधाचा.

४ नोव्हेंबर, दु. ४.००
कँटीनचा दुधाचा चहा घेतला. तुलनेसाठी, कंट्रोल म्हणून. तूप मी प्राणिजन्य धरत नाही.

५ नोव्हेंबर
चाळीस भ्रूण इन्क्यूबेटरमध्ये. रुचिता (नुकतीच डॉक्टरेट, दिल्लीतच मुनिरक्यात खोली, तोंड फार) म्हणाली, मॅडम, आता सात दिवस दार उघडायचं नाही हं, आतली ऊब आणि गॅस जातो. मी म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून मी ही दारं उघडते आहे. तिने दारावर तशी नोटीस लावली. शुद्धलेखन तपासून मीच सही केली.

६ नोव्हेंबर
फक्त दोनदा उघडलं. तिसऱ्यांदा, नीट बंद झालंय का ते बघायला.

९ नोव्हेंबर, रविवार
सुट्टी असूनही गेले. भ्रूणांना सुट्टी नसते. सहा वेळा पाहिले. सुस्त वाटले.

१२ नोव्हेंबर
सगळे मेले. कारणं: दिल्लीची हवा, पॉलिमर, रुचिताचा चेहरा. घरी उल्हास म्हणाला, इडल्या होताना मी झाकण उचललं तर तू डाव उगारतेस. नवऱ्याला विज्ञान सांगण्यात अर्थ नाही.

१३ नोव्हेंबर
शेवटची संधी. पुन्हा चाळीस. नेमकं उद्यापासून आठवडाभर पुण्यात भाचीचं लग्न. रद्द करणार होते. रुचिता म्हणाली, जा ना मॅडम, बिल्कुल जा. कॅबसुद्धा तिनेच बोलावली. पोरगी सुधारते आहे.

१७ नोव्हेंबर, पुणे
रोज चार वेळा फोनवर सूचना. पलीकडून 'हो मॅडम'. पंगतीत बासुंदी. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

२१ नोव्हेंबर
चाळीसपैकी अकरा भ्रूण शेवटपर्यंत वाढले. फोनवरून मार्गदर्शन इतकं परिणामकारक असतं, यावर वेगळा शोधनिबंध लिहावा.

२४ नोव्हेंबर
समिती खूश. अध्यक्षांनी विचारलं, दोन खेपांत फरक काय केला? मी मार्गदर्शनाविषयी बोलत असतानाच इन्क्यूबेटरने आपोआप केलेली नोंद पडद्यावर आली. पहिल्या खेपेत दार त्रेपन्न वेळा उघडलेलं. दुसऱ्या खेपेत एकदाही नाही. रुचिता चपलेकडे बघत राहिली. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, उस हफ्ते आप कहाँ थीं? मी म्हटलं, शादी में.

१ डिसेंबर, स. ११.००
प्रकल्पाला वर्षभर मुदतवाढ. प्रमुख रुचिता. मलाही पत्र आलं: मानद सल्लागार, सल्ला फोनवरून, प्रत्यक्ष येण्याची आवश्यकता नाही. 'आवश्यकता नाही' खाली रेघ मारलेली. केवढा विचार करतात माझ्या वयाचा. सकाळपासून चार फोन केले. कुणी उचलला नाही. कामाला लागलेले दिसतात.